पोट भरलें, पण पोषण झालें काय? शेळीच्या लेंडीवरून तिच्या आहाराची पारख

पनवेलच्या बाजूच्या डोंगराळ भागांत काम करणाऱ्या एका प्रचारक बंधूंचें पत्र आमच्याकडे आलें आहे. त्यांच्या मंडळींतील एका विधवा भगिनीजवळ सात शेळ्या होत्या. फाल्गुनांत त्यांतील दोन व्याल्या. रोज दिवेलागणीस शेळ्या डोंगरावरून उतरत, तेव्हां त्यांचीं पोटें दोन्ही बाजूंस फुगलेलीं दिसत. तरी कासेंत दूध नव्हतें, आणि चार करडांपैकीं तीन आठ दिवसांच्या आंत गेलीं. शेजारणी म्हणाल्या, दृष्ट लागली. बाजारांतील एका गृहस्थानें सांगितलें, मक्याचा भरडा घाला. बाईनें एक शेळी विकून भरडा आणला. भरडा संपला, पैसे संपले, आणि उरलेल्या सहा शेळ्या होत्या तशाच राहिल्या. “पोट भरलेली शेळी उपाशी कशी राहूं शकते? आणि करडें मरण्यापूर्वीं हें ओळखण्याचा कांहीं मार्ग आहे काय?” असें आमचे बंधु विचारतात.

हा प्रश्न एकट्या त्या बाईचा नव्हे. २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें आपल्या देशांत सुमारें १४ कोटि ८९ लक्ष शेळ्या आहेत, व त्यांपैकीं सुमारें १ कोटि ६ लक्ष महाराष्ट्रांत आहेत. त्यांतील बहुतेक गरिबांच्या दारीं बांधलेल्या असतात. मुलाची शाळेची फी, दुखण्यांतील औषध, पावसाळ्यापूर्वीं घराचें शाकारणें, हा सर्व खर्च पुष्कळ घरांत शेळीच भागविते. म्हणून ह्या प्रश्नाचें उत्तर नीट समजून घेणें आम्हांस अगत्याचें वाटतें. तें उत्तर शोधण्यास दूर जावयास नको. शेळी रोज सकाळीं आपल्या गोठ्यांत तें टाकून जाते, आणि आपण केरसुणीनें तें झाडून उकिरड्यावर नेतों.

१. पोट भरणें निराळें, पोषण होणें निराळें

शेळी हें रवंथ करणारें जनावर आहे. तिनें खाल्लेला चारा प्रथम कोठीपोटांत जातो. तेथें डोळ्यांस न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. गवताचा तंतुमय भाग शेळीला स्वतःला पचवितां येत नाहीं. तो हे जीव आंबवून फोडतात, आणि त्यांतून निघालेल्या द्रव्यांवर शेळीचा देह चालतो. पुढें हे जीवच वाहत जाऊन पचतात, व शेळीस प्रथिनें पुरवितात. ह्यास्तव शेळी पोसणें म्हणजे आधीं तिच्या कोठीपोटांतील हे चाकर पोसणें होय.

ह्या चाकरांस दोन गोष्टी लागतात: एक शक्ति, जी पचणाऱ्या चाऱ्यांतून मिळते, आणि दुसरी नत्र, जें प्रथिनांतून मिळतें. रसायनशाळेंत चाऱ्यांतील नत्र मोजून त्यास ६.२५ नें गुणितात, आणि येणाऱ्या आंकड्यास प्रथिनांचें प्रमाण म्हणतात. शंभर भाग कोरड्या चाऱ्यांत १.६ भाग नत्र निघालें तर प्रथिनें १० भाग झालीं. हें प्रमाण सुमारें ७ च्या खालीं उतरलें कीं कोठीपोटांतील जीव उपाशी पडूं लागतात. त्यांचें काम मंदावतें. चारा पोटांत अधिक वेळ पडून राहतो, पोट फुगलेलें दिसतें, आणि पोटांत जागा नसल्यामुळें शेळी खाणेंही कमी करिते. बंधूंच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर येथेंच आहे. पोट भरलेलें दिसतें तें पुष्कळ वेळां पोषणामुळें नव्हे, तर न पचलेला चारा आंत अडकून राहिल्यामुळें!

त्यांतही गाभण व दुभत्या शेळीची गरज मोठी असते. शेळी सुमारें १५० दिवस गाभण राहते, आणि पोटांतील करडाची बहुतेक वाढ शेवटल्या सहा आठवड्यांत होते. त्या काळांत व व्याल्यावर तिला साध्या निर्वाहापुरतें ७-८ टक्के प्रथिन पुरत नाहीं. सुमारें १२ टक्के असावें लागतें. आमच्या उस्मानाबादी जातीसारखी जुळीं देणारी शेळी असली तर तुटीचा फटका अधिकच बसतो.

२. नवी मुंबईच्या डोंगरांवर शेळीचें वर्ष

आतां ही तूट केव्हां पडते तें पाहूं. १९७० सालीं सिडको स्थापन झाली, आणि ठाणें, पनवेल व उरण ह्या तालुक्यांतील ९५ गांवांच्या जमिनींवर नवी मुंबई उभी राहूं लागली. भातखाचरें व गायरानें जाऊन तेथें वसाहती, रस्ते व रेल्वे आलीं. तथापि पारसिकच्या रांगेच्या उतारावर, खारघरच्या डोंगरावरील फणसवाडी-चाफेवाडीसारख्या आदिवासी वाड्यांभोंवतीं, आणि पुढें कर्नाळ्याकडे अद्याप डोंगर आहे, गवत आहे, झाडी आहे. शहराच्या कडेस राहणाऱ्यांचीं जनावरें आज ह्याच उरलेल्या पट्ट्यांवर चरतात.

मृगाच्या पावसानें हे उतार हिरवे होतात. आषाढ-श्रावणांतील कोंवळ्या गवतांत प्रथिनें भरपूर असतात, परंतु पाणीही फार असतें. आणि त्याच गवतावर जंतांची पिलें चढून बसलेलीं असतात. आश्विनांत गवत फुलतें, बीं धरतें व काडी कठीण होते. कार्तिकानंतर तें पिंवळें पडतें, आणि त्यांतील प्रथिन तीन-चार टक्क्यांवर येतें, म्हणजे भाताच्या पेंढ्याइतकेंच. माघ-फाल्गुनांत वणवे लागतात, पानें गळतात, आणि चैत्रांत कांहीं झाडांस नवी पालवी फुटेपर्यंत शेळी करवंदाच्या, ऐनाच्या, खैराच्या जुन्या पाल्यावर व वाळल्या काडीवर दिवस काढिते. त्या विधवा भगिनीच्या शेळ्या ह्याच दिवसांत व्याल्या.

कोणी म्हणेल, मग डोंगरावरचा चारा कापून रसायनशाळेंत पाठवावा म्हणजे झालें. परंतु शेळी ही गाईसारखी समोर येईल तें खाणारी नव्हे. ती मागच्या पायांवर उभी राहून शेंडा खुडते, कांट्यांतून एकेक पान वेंचते, एका झुडपास तोंड लावून दुसऱ्याकडे वळते. आपण कापलेला भारा आणि तिनें निवडलेला घांस एक नसतात. दिवसभर तिच्या मागें फिरूनही तिनें किती व काय खाल्लें हें पुरें कळत नाहीं. म्हणून जाणत्या लोकांनीं उलट टोंकाकडून आरंभ केला: जें आंत गेलें तें दिसत नाहीं, तर जें बाहेर आलें तें वाचावें.

३. लेंडींत काय असतें

लेंडी म्हणजे केवळ चाऱ्याचा चोथा नव्हे. तिच्यांत तीन वस्तु असतात: न पचलेला चारा, कोठीपोटांतील व आंतड्यांतील मेलेले सूक्ष्म जीव, आणि शेळीच्या स्वतःच्या आंतड्याचा झडलेला अंश. चारा पोटांतून बाहेर पडण्यास दोन-तीन दिवस लागतात. ह्यास्तव आजची लेंडी ही आजच्या चराईची नव्हे, तर परवां-तेरवांच्या चराईची साक्ष देते.

पहिली रीति सूक्ष्मदर्शक यंत्राची. पानावरील पातळ कातडें सहसा पचत नाहीं, आणि त्यावरील पेशींची ठेवण प्रत्येक वनस्पतींत निराळी असते. १९३९ सालीं अमेरिकेंत बॉमगार्टनर व मार्टिन ह्यांनीं खारींच्या अन्नाचा शोध ह्या खुणांवरून लावून दाखविला, आणि १९६८ सालीं स्पार्क्स व मॅलेचेक ह्यांनीं अशा तुकड्यांच्या मोजणीवरून आहारांत कोणती वनस्पति किती होती हें काढण्याची पद्धत बसविली. ह्या रीतीनें शेळीनें करवंद खाल्लें कीं ऐन, हें कळतें. परंतु तिला एक उणीव आहे. फार कोंवळें पान समूळ पचून जातें व त्याचा मागमूस राहत नाहीं. जून पान मात्र पुष्कळ दिसतें. शिवाय काय खाल्लें तें कळलें, तरी त्यांतून पोषण किती झालें तें ह्या रीतीनें कळत नाहीं.

४. नत्राची साक्ष, आणि तुरट पाल्याची फसगत

दुसरी रीति रसायनाची. १८८३ सालीं कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत योहान केल्डाल ह्यांनीं पदार्थांतील नत्र मोजण्याची सोपी पद्धत शोधून काढिली, आणि ती आजही चालते. शेळीचा आहार चांगला असला तर तिच्या पोटांत सूक्ष्म जीव अधिक वाढतात, त्यांचे मृत देह लेंडींत अधिक येतात, व लेंडींतील नत्र वाढतें. आहार हलका असला तर तें घटतें. गवतावर चरणाऱ्या जनावरांत हा संबंध बराच खरा उतरतो. ह्यावरून अनेकांनीं असा नियम काढिला कीं, लेंडींत नत्र अधिक, तर शेळी सुखी.

परंतु पाला खाणाऱ्या शेळीच्या बाबतींत हाच नियम फसवितो, आणि तो कसा फसवितो हें आमच्या वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. बाभळीची साल व हिरडा घालून कातडें कमावितात हें खेड्यांत सर्वांस ठाऊक आहे. सालींतील तुरट द्रव्य, ज्यास टॅनिन म्हणतात, तें कातड्यांतील प्रथिनांस घट्ट धरून बसतें, म्हणून कातडें कुजत नाहीं. तेंच द्रव्य खैर, ऐन, जांभूळ अशा झाडांच्या पाल्यांत कमी-अधिक असतें. शेळीनें तो पाला चावला कीं तें पाल्यांतील प्रथिनांस तसेंच धरतें, आणि पुष्कळ वेळां तीं प्रथिनें कोठीपोटांतील जीवांच्या हातीं न लागतां सरळ लेंडींतून बाहेर पडतात. अशा शेळीच्या लेंडींत नत्र पुष्कळ निघतें. परीक्षक कागदावर लिहितो, आहार उत्तम. आणि गोठ्यांत शेळी वाळत चाललेली असते! जें नत्र देहास लागावयाचें तेंच बाहेर टाकलें गेलें, आणि त्याच्याच विपुलतेवरून आपण तिला सुखी ठरविलें.

ह्याचा अर्थ तुरट पाला विष आहे असा मात्र नव्हे. थोड्या प्रमाणांत तो शेळीस मानवतो. त्यानें कांहीं जंतांस आळाही बसतो असें आढळलें आहे. आमचें सांगणें इतकेंच कीं, एका आंकड्यावर निकाल देऊं नये. शेळी कोणत्या रानांत, कोणत्या महिन्यांत, कोणत्या झाडावर चरली हें लेंडीबरोबर लिहून ठेविलें नसेल, तर लेंडीची साक्ष अर्धवट राहते, आणि अर्धवट साक्ष पुष्कळदां खोट्या साक्षीहून अधिक घात करिते.

५. न दिसणाऱ्या किरणांची परीक्षा

तिसरी रीति अलीकडची. सूर्यप्रकाशांत तांबड्या रंगाच्या पलीकडे कांहीं किरण असे आहेत कीं जे डोळ्यांस दिसत नाहींत. वाळवून दळलेल्या लेंडीच्या चूर्णावर हे किरण सोडले असतां त्यांतील कांहीं शोषले जातात व कांहीं परत फिरतात. प्रथिनें, तंतु, स्निग्ध द्रव्यें हीं प्रत्येक आपापल्या ठरलेल्या किरणांस शोषून घेतात. त्यामुळें परत आलेल्या प्रकाशांत त्या चूर्णाची जणुं अंगठ्याची खूण उमटते. अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील कार्ल नॉरिस ह्यांनीं ह्या किरणांनीं धान्य व चारा पारखण्याचा पाया घातला.

परंतु यंत्रास ही खूण वाचावयास शिकवावें लागतें, जसें मुलास अक्षरें शिकवावीं. त्यासाठीं शेळ्यांस ज्ञात आहार देतात, त्या आहाराची रसायनशाळेंत परीक्षा करितात, आणि त्याच शेळ्यांच्या लेंडीची खूण यंत्रास दाखवितात. अशा पुष्कळ जोड्या दाखविल्यावर यंत्र अज्ञात लेंडीवरून अज्ञात आहाराचा अंदाज देऊं लागतें. टेक्सास येथें लायन्स व स्टथ ह्यांनीं १९९२ सालीं गुरांसाठीं अशीं सूत्रें प्रसिद्ध केलीं. त्यांत प्रथिनांचा अंदाज सुमारें एका टक्क्याच्या फरकानें बरोबर येई. १९९५ सालीं लेइते व स्टथ ह्यांनीं मोकळ्या चरणाऱ्या शेळ्यांसाठीं तशींच सूत्रें दिलीं. पुढें पूर्व आफ्रिकेंतील केनिया, इथिओपिया इत्यादि देशांत गुराख्यांच्या कळपांतील शेण व लेंड्या गोळा करून, जनावरें वाळण्यापूर्वींच दुष्काळाची सूचना देण्याच्या कामीं ही रीति लाविली गेली. करडें मरण्यापूर्वीं ओळखण्याचा मार्ग आहे काय, ह्या आमच्या बंधूंच्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तेथें, एका मोठ्या मुलुखासाठीं, देण्याचा यत्न झाला.

ह्या रीतीसही एक मर्यादा आहे. टेक्सासच्या झुडपांवर शिकलेलें यंत्र सह्याद्रीच्या ऐन-करवंदांवर तसेंच बरोबर बोलेल असें धरूं नये. ज्या रानांतील शेळी, त्या रानांतील पाल्यावरच यंत्र शिकलें पाहिजे.

६. दोन आंकडे आणि एक भागाकार

ह्या परीक्षेंतून दोन आंकडे निघतात: शंभर भाग आहारांत पचणारा भाग किती, आणि प्रथिनें किती. पहिल्यास दुसऱ्यानें भागावें. भागाकार ४ च्या सुमारास आला तर प्रथिनांची वाण नाहीं. दूध किंवा वजन वाढत नसेल तर शक्ति देणारा दाणा थोडा द्यावा. भागाकार ७-८ च्या वर गेला तर पचणाऱ्या भागाच्या मानानें प्रथिनें तोकडीं आहेत, असें समजून प्रथिनें पुरवावीं.

समजा, श्रावणांत एका शेळीच्या आहारांत पचणारा भाग ६० व प्रथिनें १५ निघालीं, भागाकार ४. फाल्गुनांत त्याच शेळीचा पचणारा भाग ५० व प्रथिनें ५ निघालीं, भागाकार १०. श्रावणांत मक्याचा मूठभर भरडा तिच्या उपयोगी पडेल. फाल्गुनांत तोच भरडा पुष्कळसा व्यर्थ जाईल. किंबहुना प्रथिनांच्या अभावीं नुसतें पिष्ट फार घातल्यानें तंतु पचविणारे जीव मागें पडतात, आणि आधींच न पचणारी काडी आणखी पचेनाशी होते. दाणा तोच, शेळी तीच. महिना मात्र निराळा.

आतां बाजाराचा हिशेब पाहूं. सुमारें ३० किलो वजनाची शेळी दिवसाला अजमासें १ किलो कोरडा चारा खाते. त्यांत ४ टक्के प्रथिन असलें तर ४० ग्रॅम झालें. दुभतीस सुमारें १२० ग्रॅम पाहिजे. म्हणजे तूट ८० ग्रॅमची. मक्यांत प्रथिन सुमारें ९ टक्के, भुईमुगाच्या पेंडींत सुमारें ४५ टक्के. जें प्रथिन १०० ग्रॅम पेंडीत मिळतें तें मिळविण्यास ५०० ग्रॅम मका लागेल, आणि एवढा मका अंगवळणीं नसलेल्या शेळीस एकदम घातला तर पोट आंबून ती मरूंही शकेल. सुबाभूळ व गिरिपुष्प ह्यांच्या पाल्यांत कोरड्या वजनावर २० टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतें. १०० ग्रॅम पेंड व सुमारें ६०० ग्रॅम हिरवा सुबाभूळ, जो वाळला असतां १५० ग्रॅम भरेल, इतक्यानें ७५ ग्रॅम प्रथिन मिळून तूट जवळजवळ भरून निघते. बांधावर चार झाडें लाविलीं तर त्यांतील पाला फुकट आहे.

७. गांवांत आपण काय करावें

किरणांचें यंत्र आपल्या खेड्यांत नाहीं. म्हणून कांहींच करतां येत नाहीं असें मात्र नव्हे.

प्रथम, लेंडी रोज डोळ्यांनीं पाहावी. निरोगी शेळीची लेंडी सुटी, गोल व ओलसर-चकचकीत असते. ती बारीक, कठीण व रखरखीत झाली तर पाणी कमी पडतें किंवा चारा फार जून आहे. लेंड्या एकमेकींस चिकटून गोळा होऊं लागल्या तर चारा एकाएकीं बदलला, दाणा जास्त झाला, किंवा जंत झाले, अशी शंका घ्यावी. पातळ व आंबट वासाची झाली तर शिळी भाकर, पाव किंवा भरडा फार गेला असें समजावें. शहराच्या कडेस खानावळींतील उरलेलें अन्न शेळ्यांस घालतात, त्यामुळें असें वारंवार घडतें. रक्त किंवा शेंबडासारखा पदार्थ दिसला, विशेषतः करडांत, तर त्याच दिवशीं पशुवैद्यांकडे न्यावें. मात्र डोळ्यांनीं प्रथिनें मोजतां येत नाहींत, हें विसरूं नये.

दुसरें, जंतांची परीक्षा करून घ्यावी. ती सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत होऊं शकते; आणि नवी मुंबईच्या बाजूच्या लोकांस परळ येथील मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही दूर नाहीं. ही संस्था १८८६ पासून काम करीत आहे. पोटांत रक्त पिणारे जंत असले तर उत्तम खुराकही वायां जातो. ह्या जंतांत हगवण लागतेच असें नाहीं. शेळीच्या डोळ्याची खालची पापणी उलटून पाहावी. ती लाल-गुलाबी असली तर बरें. पांढुरकी असली तर उशीर करूं नये.

तिसरें, नमुना नीट घ्यावा. जमिनीवरची मातीनें माखलेली किंवा पावसानें धुतलेली लेंडी घेऊं नये. पहांटे शेळ्या उठतांच पडलेली ताजी लेंडी, एकाच कळपांतील पांच-दहा शेळ्यांची थोडी थोडी घ्यावी. जंतांसाठीं ती न वाळवितां, थंड ठेवून त्याच दिवशीं पोंचवावी. आहाराच्या परीक्षेसाठीं ती वाळवून ठेवितात. दोन्हींबरोबर चिठ्ठी असावी: तारीख, चराईचें ठिकाण, मागील तीन दिवसांत खाल्लेला पाला, घरीं घातलेला खुराक, आणि किती शेळ्या गाभण व किती दुभत्या.

चवथें, पाठीवर हात फिरवावा. कमरेच्या कण्याचीं टोंकें हातास टोंचूं लागलीं तर पोट कितीही फुगलेलें दिसलें तरी शेळी झिजत आहे. करडांस दर आठवड्यास कांट्यावर तोलावें व वजन लिहावें. आमचे शिक्षक व प्रचारक बंधु वाडीवाडींत जातात. त्यांनीं एक वही ठेविली तर वर्षाअखेरीस त्या वाडीचा महिनेवार हिशेब तयार होईल, आणि पुढील वर्षीं कोणत्या महिन्यांत काय घालावें हें विचारण्यास बाजारांत जावें लागणार नाहीं.

पांचवें, खुराक एका वेळीं एकच बदलावा, तोही थोडा थोडा वाढवीत, आणि दोन-तीन आठवडे फळ पाहावें. पेंड बुरशी आलेली नसावी. आमच्या दमट हवेंत भुईमुगाच्या पेंडीस बुरशी लवकर लागते, व ती विषारी असते. सुबाभळीचा पाला एकूण खाद्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक देऊं नये. वालाचा किंवा हरभऱ्याचा भुसा मिळाला तर तो भाताच्या पेंढ्याहून सरस. तुर्भ्याच्या घाऊक भाजीबाजारांतील टाकाऊ पालाही उपयोगी पडतो. परंतु सडका भाग व प्लॅस्टिकच्या पिशव्या निवडून काढल्यावांचून तो घालूं नये. खाडीच्या कडेचीं तिवरें शेळ्या आवडीनें खातात. पण कांदळवनांस कायद्याचें संरक्षण आहे, म्हणून तेथें शेळ्या घालूं नयेत.

आमच्या बंधूंस उत्तर

दुरून निदान करणें योग्य नव्हे. तरी पत्रांतील सर्व खुणा, म्हणजे फाल्गुन महिना, वाळलेलें गवत, तुरट पाला, फुगलेलें पोट, रिती कास, आणि भरड्यानें न पडलेला फरक, ह्या प्रथिनांच्या तुटीकडे बोट दाखवितात. दृष्टीचा येथें कांहीं संबंध नाहीं, आणि त्या बाईनें हयगय केली असेंही कोणी म्हणूं नये. तिनें आपल्या जवळची एक शेळी विकून उपाय केला; उपाय चुकीच्या बाजूस झाला, कारण तूट कशाची आहे हें तिला कोणी पाहून सांगितलें नव्हतें. आतां प्रथम उरलेल्या सहा शेळ्यांच्या लेंडीची जंतांसाठीं परीक्षा व्हावी. गाभण असतील त्यांस व्यावयाच्या सहा आठवडे आधींपासून थोडी पेंड व हिरवा पाला मिळावा. आणि जें एक करडूं वांचलें आहे त्याचें वजन दर आठवड्यास लिहावें. पाऊस पडतांच बांधावर गिरिपुष्पाच्या फांद्या रोवाव्या. त्या सहज जगतात. मंडळींतील तरुणांनीं हें काम त्या भगिनीसाठीं एका सकाळीं करून टाकावें, अशी आमची विनंति आहे. पुढील फाल्गुनांत तिच्या गोठ्यांतील बातमी कळविण्यास आमच्या बंधूंनीं विसरूं नये.

वर्गांत विचारावयाचे प्रश्न

१. शेळीचें पोट फुगलेलें असतांही ती उपाशी कशी राहते?
२. चारा कापून तपासण्यापेक्षां लेंडी तपासणें शेळीच्या बाबतींत अधिक योग्य कां?
३. लेंडींत नत्र पुष्कळ निघालें म्हणजे आहार चांगलाच होता, असें कां म्हणतां येत नाहीं? कातडें कमाविण्याचें उदाहरण देऊन सांगा.
४. पचणारा भाग ५४ व प्रथिनें ६ असतील तर भागाकार किती? अशा शेळीस मका घालावा कीं पेंड?
५. आपल्या गांवांत कोणत्या महिन्यांत शेळ्या वाळतात? त्या महिन्यांत त्या कोणता पाला खातात? पुढील आठवड्यांत स्वतः पाहून वहींत लिहा.